मागे फिरायची कळ

साल 1971. अमेरिकेत न्यू जर्सीतलं मरे हिल, बेल लॅब्जची इमारत, सहावा मजला. तुम्ही टेलिटाइपसमोर बसला आहात. स्क्रीन शोधू नका, ती नाहीच. आहे ते मॉडेल 33 नावाचं दणकट धूड: वर कागदाचं भेंडोळं, आत शाईची फीत, आणि तळापर्यंत दाबल्याशिवाय दाद न देणारी बटणं. मोटर सतत घरघरते आहे. अक्षरं फक्त कॅपिटल उमटतात आणि वेग सेकंदाला 10 अक्षरांचा. तुम्हाला घाई आहे म्हणून अकरावं येणार नाही.

या टेलिटाइपच्या दुसऱ्या टोकाला पीडीपी-11/20 हा संगणक आहे: 24 किलोबाइट मेमरी आणि 512 किलोबाइटची डिस्क. तुमच्या फोनने काढलेला एक धड फोटोही तिच्यावर मावणार नाही. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची याच संगणकावर युनिक्स घडवत आहेत. तुम्हाला थॉम्पसनच्या डिरेक्टरीत शिरायचंय. बोटं सवयीने 'सीडी' टाइप करतात आणि यंत्र ओळख दाखवत नाही. एलएस, सीपी, एमव्ही ही मंडळी आधीपासूनच दोन अक्षरी आहेत, कारण असल्या बटणांवर तिसरं अक्षर कोणाला नको असतं. डिरेक्टरी बदलणारी कमांड मात्र अजून 'सीएचडीआयआर' अशी लांबलचक आहे. 'सीडी' हे रूप युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे 1979 मध्ये येईल.

बरं, सीएचडीआयआर तर सीएचडीआयआर. पुढे /यूएसआर/केन लिहायचं. 'यूएस'पर्यंत येता आणि आरऐवजी टी पडतो. बॅकस्पेस? कागदावर छापलेलं अक्षर परत कोण घेणार! इथे एक अक्षर रद्द करायला # दाबायचं आणि अख्खी ओळ रद्द करायला @. कागदावर उमटतं यू, एस, टी, #, आर. संगणकाला पोहोचतं यूएसआर. तुम्ही मनातल्या मनात दोन ओळी वाचत राहता, एक छापलेली आणि एक खरी.

आता करंगळी सवयीने टॅबच्या जागी जाते, उरलेलं नाव यंत्राने भरावं म्हणून. क्यूच्या डावीकडे तिथे एस्केप आहे. दाबलंत तरी नाव जिथल्या तिथे. निमूटपणे पूर्ण टाइप करून एंटर मारता आणि यादी मागवता. 20 फायली, प्रत्येकीचं नाव 8 अक्षरी, वर ओळ संपवायला दोन अदृश्य अक्षरं. म्हणजे एका नावाला बरोबर एक सेकंद. 20 सेकंद तुम्ही कागद सरकताना पाहता आणि मग कळतं की आपण चुकीच्या डिरेक्टरीत आलोय. दोन टिंबं देऊन एक पायरी वर जाता येतं, ती सोय आहे. ही दोन टिंबं म्हणजे नुसतं चिन्ह नव्हे, प्रत्येक डिरेक्टरीत तशा नावाची नोंदच असते. सर्वांत वरच्या मूळ डिरेक्टरीत ती नोंद स्वतःकडेच बोट दाखवते, म्हणून तिथून कितीही वेळा 'वर' गेलात तरी तिथेच राहता.

तुम्ही इथे येण्याच्या थोडंच आधी, जुन्या पीडीपी-7 वर, एक मजा होऊन गेली आहे. रिचीनेच ती नंतर लिहून ठेवली. थॉम्पसनने 'फोर्क' बसवलं: आता प्रत्येक कमांडसाठी शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, एक नवी प्रक्रिया जन्माला घालणार, ती काम करून मरणार. सगळं झकास चाललं, फक्त सीएचडीआयआर बंद पडलं. पुष्कळ डोकेफोड केल्यावर उलगडा झाला. कमांड आपलं काम चोख करत होती. नवी प्रक्रिया नव्या डिरेक्टरीत जात होती आणि तिथेच मरत होती. मागे शेल होता तिथेच. शेवटी ही एक कमांड शेलच्या पोटातच घालावी लागली. ती आजतागायत तिथेच आहे. म्हणूनच 'मला अमुक फोल्डरात नेऊन सोड' अशी स्क्रिप्ट तुम्ही लिहिली, तर ती मुकाट चालते, संपते, आणि तुम्ही जागचे हलत नाही. ऑटोजंप, झॉक्साइड ही आजची उडी मारून देणारी साधनंसुद्धा शेलमध्ये आपलं फंक्शन बसवतात ते याचसाठी.

साल तेच ठेवा आणि मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला चला. बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ही मुळात ध्वनिशास्त्राच्या सल्लागारांची कंपनी. इथे पीडीपी-10 वर टेनेक्स नावाची प्रणाली चालते. समोर पुन्हा टेलिटाइपच. फाइलीच्या नावाची तीन-चार अक्षरं टाइप करा आणि क्यूच्या डावीकडचं तेच एस्केप दाबा. यंत्र उरलेलं नाव स्वतःच खडखडत छापतं! तुमची करंगळी मरे हिलला चुकली नव्हती, फक्त चुकीच्या गावात होती. पण हुरळून जाऊ नका. टेनेक्समध्ये डिरेक्टरीच्या पोटात डिरेक्टरी नसते, प्रत्येकाची एकच सपाट. थोडक्यात, मरे हिलकडे झाड आहे पण नाव भरून देणारी कळ नाही. केंब्रिजकडे कळ आहे पण झाड नाही. दोन गावांमध्ये अंतर एका दिवसाच्या मोटारप्रवासाचं, आणि या दोन गोष्टींची गाठ पडायला दहा वर्षं लागावीत! कार्नेगी मेलन विद्यापीठात केन ग्रीअर 1975 मध्ये टेनेक्सच्या धर्तीवर नावं भरून देण्याच्या कोडला हात घालतो, 1981 च्या अखेरीस ते सी-शेलला जोडलं जातं आणि त्यातून टी-सी-शेल उभा राहतो. नावातला 'टी' टेनेक्सचा.

सी-शेल म्हटल्यावर बर्कलीला जायलाच हवं. साल 1978, कॅलिफोर्निया विद्यापीठाचा इव्हान्स हॉल. आता तुमच्यासमोर स्क्रीन आहे. लीअर सीगलर कंपनीचं एडीएम-3ए टर्मिनल, 24 ओळी आणि प्रत्येकीत 80 अक्षरं. कागद गेला, घरघर गेली. कीबोर्ड नीट पाहा. बाणांची वेगळी बटणं नाहीत. एच, जे, के, एल या चार अक्षरांवरच बाण रंगवलेत. व्हीआय एडिटरमध्ये आजही कर्सर याच चार अक्षरांनी का हलतो, त्याचं उत्तर तुमच्या उजव्या हाताखाली आहे. आता वरच्या रांगेत उजवीकडे नजर टाका. एका बटणावर 'होम' लिहिलंय आणि त्याच बटणावर नागमोडी रेघ, म्हणजे टिल्ड, आहे. बिल जॉय हा विद्यार्थी याच टर्मिनलवर सी-शेल लिहितो आहे. स्वतःच्या घरच्या डिरेक्टरीला खूण हवी होती, आणि ती बटणावर आयती छापलेली होती. एका कारखान्याने बटणांच्या टोप्यांवर काय छापलं, त्यावर जगभरच्या लाखो माणसांच्या घराची खूण ठरली. याहून गंभीर कारण असायला हवं होतं असं वाटतं खरं, पण नाही.

सी-शेलने आणखी एक दिलं: आठवण. आधीच्या कमांड्स शेल लक्षात ठेवू लागला. उद्गारचिन्ह आणि डॉलर टाइप केलं की मागच्या कमांडचा शेवटचा शब्द हजर. नवी डिरेक्टरी बनवा, मग 'सीडी' आणि ही दोन चिन्हं. लांबलचक नाव पुन्हा लिहायला नको. इथवरचा सगळा प्रपंच बोटं वाचवण्याचा होता. इथून पुढे प्रश्न डोकं वाचवण्याचा होतो, आणि माझ्या मते खरी मौज तिथेच आहे.

त्यासाठी व्हिएन्नाच्या दक्षिणेला लाक्सेनबुर्गला या. 1970 च्या दशकाची अखेर. तुम्ही हॅब्सबर्ग राजघराण्याच्या उन्हाळी राजवाड्यात आहात. ऑस्ट्रियाचा युवराज रुडॉल्फ 1858 मध्ये इथेच लाक्सेनबुर्गला जन्मला. आता या वाड्यात आंतरराष्ट्रीय उपयोजित प्रणाली विश्लेषण संस्था आहे, 1972 मध्ये स्थापलेली. ऐन शीतयुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनीही सदस्य होऊन चालवलेली ही संस्था. दोन्ही गटांतले शास्त्रज्ञ एकाच छताखाली ऊर्जेची, पाण्याची, लोकसंख्येची गणितं मांडतात. आणि इथेच जिम कल्प नावाचा गृहस्थ सी-शेलमध्ये हात घालून बसला आहे.

त्याच्या शेजारच्या टर्मिनलवर बसा. ऊर्जेच्या गणिताच्या पाच पायऱ्या खोल डिरेक्टरीत तुम्ही काम करताय. मध्येच कळतं की दुसऱ्याच टोकाच्या डिरेक्टरीत जाऊन एक फाइल बघायला हवी. जाणं सोपं आहे. परत येणं? पाच पायऱ्यांचा पत्ता पुन्हा आठवायचा, पुन्हा लिहायचा. कल्पचं उत्तर म्हणजे डिरेक्टऱ्यांची चळत. 'पुशडी' म्हणून नव्या जागी गेलात की जुनी जागा चळतीत राहते. 'पॉपडी' म्हटलं की वरची निघते आणि तुम्ही तिथे परत. मंगल कार्यालयात धुतलेली ताटं एकावर एक ठेवतात, पंगतीला शेवटचं ठेवलेलं ताट आधी उचललं जातं, तसंच हे. तीन ठिकाणी भरकटलात तरी उलट्या क्रमाने तिन्ही ठिकाणांहून माघारी येता. त्याने मुळात वापरलेली लेखनपद्धत आजच्यासारखी नव्हती, पण कल्पना हीच. चालू काम बाजूला ठेवून नंतर परत हाती घेण्याची सोयही सी-शेलमध्ये त्यानेच प्रथम आणली; तुम्ही आज कंट्रोल-झेड दाबता ते त्याच घराण्यातलं. सी-शेलच्या मॅन्युअलमध्ये शेवटी लेखकांच्या यादीत लाक्सेनबुर्गचं नाव आजही छापलेलं आहे. ते कुणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

पुशडी हुशार आहे, पण एक खोट आहे: निघण्यापूर्वीच ठरवावं लागतं की आपण परत येणार आहोत. माणसं असं ठरवून थोडीच भरकटतात? त्यावरचा उतारा बघायला 1983 च्या जुलैत टोरोंटोला या. यूसनिक्सच्या परिषदेत 14 तारखेला बेल लॅब्जचा डेव्हिड कॉर्न आपला शेल जाहीर करतो. कॉर्न शेल तुम्ही न सांगता मागची डिरेक्टरी लक्षात ठेवतो. 'सीडी' आणि एक आडवी रेघ, बस्स. तुम्ही होता तिथे परत. पुन्हा तेच दिलं की पुन्हा इकडे. दोन डिरेक्टऱ्यांमध्ये दिवसभर ये-जा करणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही. मला विचाराल तर या सगळ्या प्रवासातली ही सर्वांत मोलाची कळ, आणि नेमकी हीच निम्म्या लोकांना माहीत नसते.

त्याच वर्षी आणखी एक फाटा फुटतो. 1983 मध्ये एमएस-डॉस 2.0 मध्ये डिरेक्टऱ्या येतात. सरळ तिरपी रेघ आधीच कमांडच्या पर्यायांसाठी वापरात असल्याने इथे उलटी तिरपी रेघ येते. एफ3 दाबलं की मागची कमांड परत मिळते, एवढाच काय तो लाड. आपल्याकडच्या कित्येकांचे हात नव्वदच्या दशकात लॅबमधल्या डॉसवरच घडले. डॉसला 'सीडी' आणि दोन टिंबांच्या मध्ये जागा लागत नाही, युनिक्सला लागते. पन्नाशीचा एखादा प्रोग्रॅमर लिनक्सवर जागा न सोडता 'सीडी..' टाइप करून स्वतःवरच चिडताना दिसला, तर त्याचं शिक्षण कुठलं ते ओळखा.

8 जून 1989. ब्रायन फॉक्सने लिहिलेला बॅश पहिल्यांदा बाहेर पडतो. त्याच्या पोटात रीडलाइन आहे, ओळ संपादित करणारी वेगळी लायब्ररी. वेगळी असल्यामुळेच तिच्या कळा बॅशपुरत्या राहिल्या नाहीत, जीडीबीसारख्या इतर प्रोग्रॅम्समध्येही त्याच चालतात. कंट्रोल-ए ओळीच्या सुरुवातीला, कंट्रोल-ई शेवटाला, कंट्रोल-आर जुन्या कमांड्समध्ये शोध. हे बहुतेकांना ठाऊक असतं. मी तुम्हाला दोनच कळांपाशी थांबवतो.

पहिली आल्ट-टिंब. मागच्या कमांडचा शेवटचा शब्द ती कर्सरपाशी आणून ठेवते. पुन्हा दाबा, त्याच्या मागच्या कमांडचा. बर्कलीच्या उद्गारचिन्ह-डॉलरपेक्षा ही बरी, कारण काय येतंय ते एंटर मारण्याआधी डोळ्यांना दिसतं. दुसरी आल्ट-बॅकस्पेस. समजा, ओळीवर पाच पायऱ्यांचा मार्ग आहे, शेवटचा टप्पा 2019 आणि तुम्हाला हवाय 2020. कंट्रोल-डब्ल्यू दाबलंत तर मागच्या मोकळ्या जागेपर्यंतचं सगळं, म्हणजे अख्खा मार्ग, साफ. आल्ट-बॅकस्पेस तिरप्या रेघेपाशी थांबते आणि फक्त 2019 उडवते. आता 2020 लिहा, एंटर, झालं. झेडशेलात मात्र हीच कळ अख्खा मार्ग गिळते, कारण तिथे 'वर्डकॅर्स' या यादीत तिरपी रेघ शब्दाचाच भाग धरली आहे. यादीतून ती रेघ काढा, कळ ताळ्यावर येते.

झेडशेल बघायला 1990 मध्ये प्रिन्स्टनला डोकवा. पॉल फाल्स्टॅड हा विद्यार्थी तो लिहितो आणि झोंग शाओ नावाच्या अध्यापन सहायकाच्या लॉगिनवरून त्याला नाव देतो. 2019 मध्ये ॲपलने हाच शेल मॅकचा डिफॉल्ट शेल केला. त्यात 'ऑटो-पुशडी' नावाचा पर्याय आहे. तो चालू केला की प्रत्येक साधा 'सीडी' गुपचूप लाक्सेनबुर्गच्या चळतीत ताट ठेवतो. निघताना काही ठरवायला नको. मग 'सीडी', आडवी रेघ आणि टॅब. त्यासाठी झेडशेलची नावं भरून देणारी व्यवस्था मात्र चालू हवी. त्या शेलमध्ये आतापर्यंत फिरलेल्या जागांची क्रमांकवार यादी समोर येते, आकडा निवडा आणि जा.

शेवटचा मुक्काम 2005. ॲक्सेल लिल्येनक्रांट्झचा फिश शेल. इथे टाइप करायचंच काही नाही. ओळ रिकामी असताना आल्ट आणि डावा बाण: मागची डिरेक्टरी. आल्ट आणि उजवा बाण: पुढची. ब्राउझरमध्ये पानं मागे-पुढे करावीत तसंच. ओळीवर काही लिहिलेलं असेल तर तीच कळ कर्सर एक शब्द सरकवते.

ही चैन तुम्ही आजच्या तुमच्या बॅशमध्ये किंवा झेडशेलातही बसवू शकता. टर्मिनल उघडा, कंट्रोल-व्ही दाबा आणि मग आल्ट धरून वरचा बाण. पडद्यावर बहुधा एस्केपची खूण, चौकोनी कंस, 1, अर्धविराम, 3 आणि ए असं काहीतरी उमटेल. बाणाची ही बोली मुळात डिजिटल कंपनीच्या 1978 च्या व्हीटी100 टर्मिनलची: एस्केप, कंस, ए म्हणजे वर. मधला 3 नंतरच्या एक्सटर्मने घातलेला. शिफ्टचा 1, आल्टचे 2, कंट्रोलचे 4 आणि वर एक. म्हणून आल्ट म्हणजे 3. जो क्रम तुमच्याकडे उमटेल तोच 'सीडी ..' ला जोडायचा. बॅशमध्ये त्यासाठी इनपुटआरसी फाइलीत एक ओळ पुरते, पण ती कमांड टाइप करून एंटर मारल्यासारखी चालते, त्यामुळे अर्धवट लिहिलेली ओळ आधी कंट्रोल-यूने बाजूला ठेवावी लागते. कंट्रोल-वायने ती परत मिळते. झेडशेलात छोटं फंक्शन लिहून कळेला बांधलं की डिरेक्टरी बदलते, प्रॉम्प्ट नव्याने रंगतो आणि अर्धवट ओळ जागच्या जागी राहते. मॅकवर आल्टच्या कळा मुक्या वाटल्या तर टर्मिनलच्या सेटिंगमध्ये ऑप्शनला मेटा करा. तेही जमत नसेल तर एस्केप दाबून सोडा आणि मग टिंब दाबा. आल्ट आतून तेच करत असतो.

हे सगळं जरूर बसवा, पण क्रम उलटा ठेवू नका. रात्री दोन वाजता पडलेल्या सर्व्हरवर लॉगिन कराल तेव्हा तिथे तुमची झेडशेलची फाइल नसेल, फिश नसेल, बाण काय पाठवतील याचा भरवसा नसेल. बॅश मात्र जवळपास नक्की असेल, आणि त्यात आल्ट-टिंब चालेल. बॅशही नसला, तरी 'सीडी' आणि आडवी रेघ पॉझिक्स या युनिक्सछाप प्रणालींच्या मानकातच लिहिलेली आहे. आधी ती शिका.